चढ चढणारी गाडी

निहारने श्रीपादकाकांच्या जीपच्या ब्रेकला हळदकुंकू वाहिलं त्या दिवशी खंडेनवमी होती, आणि त्याच्या मनात भक्तीखेरीज दुसरं काहीही नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे जे झालं ते ऐकून त्याच्या आईनेसुद्धा कऱ्हाडहून फोनवर एवढंच विचारलं होतं, की बाळा, तू तिकडे नक्की कशात पीएचडी करतोयस?

प्रश्न वर्मी बसणारा होता. जर्मनीतल्या आखनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत निहारचा विषयच मुळी असा होता, की दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत असताना मध्ये तेलाचा पातळ थर आला तर काय होतं. त्यावर त्याने पेपर लिहिले होते, एका परिषदेत टाळ्याही घेतल्या होत्या. पण खंडेनवमी आली की माणूस पेपर विसरतो. ओगलेवाडीला त्याच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. त्या दिवशी तिथली सगळी यंत्रं बंद ठेवायची, पुसून लख्ख करायची आणि तिळाच्या तेलात कालवलेलं हळदकुंकू अंगठ्याने एकेकाला लावत जायचं. तेलात अशासाठी, की कोरडं कुंकू लोखंडावर ठरत नाही. निहारला चालता येत नव्हतं तेव्हापासून त्याचा अंगठा दरवर्षी या दिवशी लाल होत आला होता.

२००७ साली हा दिवस शनिवारी आला, आणि शनिवारी तो आणि काका मीटवेर्कश्टाटमध्ये असायचे. तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळते, पाने-हातोड्या मिळतात आणि आपली गाडी आपल्याच हाताने बिघडवायची पूर्ण मोकळीक मिळते, अशी ही जर्मन सोय. काकांची ती लहानशी, चौकोनी, दोन दारांची फोर-व्हील-ड्राइव्ह जपानी गाडी लिफ्टवर चढली होती. कंपनी तिला काहीही म्हणो, काका जीप म्हणत. उजव्या चाकाचे ब्रेक पॅड सकाळीच बदलून झाले होते. डाव्या चाकाचे नवे पॅड फडक्यावर काढून ठेवले होते, आणि काका काउंटरवर कॉफी आणायला गेले होते.

निहारने खिशातून फिल्म-रोलची काळी डबी काढली. आईने भरून दिलेली. पान्यांना लावलं, जॅकला लावलं, स्टिअरिंगला लावलं. बॉनेटवर स्वस्तिक काढायला अंगठा पुढे झाला आणि आपण कुठल्या देशात उभे आहोत हे त्याला ऐन वेळी आठवलं. त्याने घाम पुसून तिथे 'श्री' काढलं. केवढं संकट टळलं या आनंदात त्याचं लक्ष त्या नव्या पॅडकडे गेलं. आज घरात आलेली नवी वस्तू तीच, म्हणजे पहिला मान तिचा. गुळगुळीत बाजूवर कुंकू नीट बसेना, म्हणून त्याने ते उलटे केले. खरखरीत बाजूवर काय सुंदर बसलं. त्याने सढळ हाताने बसवलं.

काका कॉफी घेऊन आले आणि जागच्या जागी थांबले. पाना लाल, जॅक लाल, बॉनेटवर श्री. त्यांनी दोन्ही कप जमिनीवर ठेवले. जर्मनीत येऊन त्यांना छत्तीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत कुणी त्यांच्या पान्याला कुंकू लावलं नव्हतं. त्यांनी हात जोडले, चष्मा काढून पुसला, तो कपाळावर चढवला, आणि तशाच ओल्या डोळ्यांनी ते दोन पॅड उचलून डाव्या चाकात बसवून टाकले. खरखरीत बाजू आत, चाकाच्या डिस्कवर घासायला, जाते. आत गेलेलं कुंकू कुणाला दिसणार?

गंमत अशी, की वस्तू तपासणं हाच काकांचा पोटापाण्याचा धंदा होता. श्रीपाद आठल्ये, वय एकोणसाठ, आखनच्या सुयांच्या कारखान्यात तपासनीस. शिलाई मशीनच्या सुया. सुई सरळ की वाकडी, नाकं नीट की नाही, हे बघण्यात त्यांची हयात गेली होती. या गावात पूर्वी बायका आणि पोरं सुया निवडत, आणि वाकडी सुई करंगळीने बाजूला सारत. त्यावरून आखनची माणसं परक्या मुलखात एकमेकांना भेटली की करंगळी वर करून ओळख देतात. काकाही देत. निहारची आणि त्यांची पहिली भेट बसस्टॉपवर झाली ती अशीच. भारतीय चेहरा आणि हातातली तूरडाळीची पिशवी बघून एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी लांबूनच करंगळी वर केली. कऱ्हाडच्या शाळेत शिकलेल्या मुलाला करंगळीचा एकच अर्थ ठाऊक असतो. निहारने मोठ्या आपुलकीने त्यांना स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाचा रस्ता दाखवला. काका तिथवर गेलेही. उगाच मुलाचा हिरमोड नको म्हणून.

तेव्हापासून दर शनिवारी निहार त्यांच्याकडे. त्याला आखनमध्ये मित्र नव्हते असं नाही. पण मित्रांशी थिसिसचं बोलावं लागे, आणि काकांशी काहीच बोलावं लागत नसे.

काका राहायचे आयफेलच्या डोंगरात, मोन्शाउच्या अलीकडच्या एका खेड्यात. गावाच्या टोकाला एक उभा चढ, आणि चढाच्या माथ्यावर त्यांचं घर. हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी सगळ्यात शेवटी तिथे यायची. त्या चढाचा आणि जीपचा संबंध काय, हे निहारला सर्व्हिसिंग सुरू झाल्यावर समजलं.

शोभनाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, मिरजेला राहत होत्या. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून त्या सहा महिन्यांसाठी गेल्या. आई पुढे नऊ वर्षं जगली. तेवढ्यात काकूंनी तिथे मुलींसाठी शिवणाचा क्लास काढला, तो वाढला, आणि सहा महिने काही संपले नाहीत. मूलबाळ नव्हतं. भांडणही झालं नव्हतं, आणि हीच त्यातली अवघड गोष्ट होती. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. दर रविवारी फोन होई. काका क्लाससाठी सुयांची पाकिटं पाठवत, काकू गोडा मसाला पाठवत. कारखान्यातल्या लोकांना काका सांगत, बायको भारतात गेली आहे. जणू परवाच गेली आहे.

काकू जाण्याच्या आदल्या हिवाळ्यात एकदा त्यांची जुनी लांबलचक गाडी त्या चढावरून मागे घसरत आली होती. काकू सामानाच्या पिशव्या घेऊन, मोज्यांवर चपला घालून, बर्फातून चढ चढून घरी पोचल्या आणि दारात म्हणाल्या, हा चढ चढणारी गाडी येईल तेव्हाच मी आता या घरात येईन. पुढे त्या मिरजेला गेल्या. काकांनी ते वाक्य कारखान्यात गिऱ्हाइकाची मागणी घेतात तसं घेतलं. वर्षभरात ही जीप आणली, सेकंडहँड, आणि फोनवर कळवलं, की गाडी आली आहे. काकू म्हणाल्या, बरं झालं.

त्यानंतर तेरा वर्षं ती गाडी तयार होती. दर हिवाळ्याआधी तेल, दर दोन वर्षांनी ट्यूफची तपासणी, म्हणजे ती नसली तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही ती. साडी नेसून चढता यावं म्हणून डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पायरी जोडून घेतली होती. त्या पायरीवर आजवर काकांचा आणि निहारचा सोडून कुणाचा पाय पडला नव्हता.

आणि त्या सप्टेंबरात काकू रविवारच्या फोनवर सहज म्हणाल्या, की दिवाळीला तीन आठवडे येऊन जाते. व्हिसाही झाला. काकांनी तिकीट काढलं ते परतीची तारीख बदलता येणारं. ते महाग पडतं. निहारने कारण विचारलं नाही. जे समजायचं ते समजला.

म्हणून ही एवढी सर्व्हिसिंग. इंजिनचं तेल, गिअरचं तेल, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या त्या दुसऱ्या दांड्याच्या पेटीतलं तेल, बेअरिंग, ब्रेक. काका काही मोठे मेकॅनिक नव्हते. लिफ्टखाली उभे राहून ते दुरुस्तीचं जर्मन पुस्तक मोठ्याने वाचत आणि निहारसाठी त्याचं मराठी करत, फक्त सुरुवातीचं 'तर मग' जर्मनच: आल्झो, नट सैल करावा, परंतु संपूर्ण काढू नये. तोवर निहारने तो संपूर्ण काढलेला असे. मग दोघं मिळून लिफ्टखाली नट शोधत.

खंडेनवमीनंतरच्या आठवड्यात गाडी ट्यूफला गेली. जाताना ब्रेक दाबला की ती किंचित उजवीकडे ओढत होती. काका म्हणाले, आयफेलचे रस्तेच तसे. तपासनीस एक तरुण, मितभाषी मुलगा होता. त्याने पुढची चाकं रोलरवर घेतली आणि ब्रेक दाबायला सांगितला. उजव्या चाकाचा काटा टुणकन वर गेला. डाव्या चाकाचा काटा रविवारी उठणाऱ्या माणसासारखा थोडासा हलला आणि परत पडला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मुलाने बॅटरी घेऊन चाकाच्या फटीतून आत पाहिलं, बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट लाल-पिवळं. त्याने वास घेतला. गंज नव्हता, ब्रेक ऑइल नव्हतं. त्याने काकांकडे पाहिलं, काकांनी निहारकडे पाहिलं, आणि निहारने आपल्या अंगठ्याकडे.

तिघांत पहिल्यांदा प्रकाश काकांच्या डोक्यात पडला. ते तपासनिसाला शांतपणे म्हणाले, "रिलिगिओन." म्हणजे धर्म.

जे पुस्तकात नाही त्याच्याकडे जर्मन माणूस ज्या आदराने बघतो, त्या आदराने तो मुलगा जीपकडे बघत राहिला. मग त्याने गाडी नापास केली. नवे पॅड घाला, डिस्क धुवा, महिन्याच्या आत परत या.

महिना होता, पण काकूंना यायला दोनच आठवडे उरले होते. त्यातून ऑक्टोबर. ऑक्टोबरात सगळा जर्मनी हिवाळी टायर चढवायला धावतो. मीटवेर्कश्टाटच्या सगळ्या लिफ्ट भरलेल्या. निहार परतीच्या वाटेवर मान खाली घालून बसला होता. काका रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. पण काका वाटेत दुकानासमोर थांबले, पॅड घेतले, ब्रेक धुवायचा स्प्रे घेतला, आणि निहारला जर्दाळूचा केक घेऊन दिला. नापास झालेल्या मुलाला द्यावा तसा.

काम मग घराच्या अंगणात निघालं, चढाच्या माथ्यावर. जमीन तिरपी, वर भुरभुर पाऊस, मागच्या चाकांना दगड लावलेले. काका जॅक फिरवत होते आणि निहार छत्री धरून उभा होता. छत्री कुणावर धरायची याबद्दल दोघांत मतभेद होते. काका म्हणत होते डिस्कवर, निहार म्हणत होता काकांवर. शेवटी डिस्क कोरडी राहिली.

चाक निघालं. पॅड बाहेर आले तेव्हा त्यांवरचं कुंकू तेलासकट भाजून काळपट तपकिरी झालं होतं. काकांनी ते टाकून दिले नाहीत. फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवले. निहारला वाटलं आता तरी काही बोलतील. ते बोलले, पण वेगळंच. ते म्हणाले, शोभनाला राहा म्हणून विचारायचं आहे.

निहार म्हणाला, विचारा की. त्यात काय. आजच फोनवर विचारा.

काकांनी मान हलवली. फोनवर कसं विचारणार? तिने अट घातली आहे. आधी गाडी बर्फातून चढ चढलेली तिला दिसायला हवी. मग विचारायला तोंड आहे. एवढं बोलून त्यांनी स्प्रे मारायला घेतला, आणि डिस्कच्या दोन्ही बाजू इतक्या वेळा पुसल्या, की डिस्कमध्ये त्यांचा चेहरा दिसायला लागला. निहार त्या अंगणाकडे बघत होता. दोन खुर्च्यांपैकी एकीवर कुंड्या ठेवलेल्या होत्या. कुंड्यांना भरपूर जागा होती इकडेतिकडे. पण खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून त्या तिथेच.

दुसऱ्या वेळी दोन्ही काटे सारखे वर गेले. तपासनिसाने नंबर प्लेटवर पास झाल्याचा नवा गोल स्टिकर चिकटवला आणि जाता जाता निहारला विचारलं, या वेळी काही रिलिगिओन नाही ना? निहार म्हणाला, नाही. मुलगा म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर.

काकूंना आणायला ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर दोघं गेले. निहारने मनात एक मूर्ती तयार केली होती: सोशिक, फिकी, डोळ्यांत पाणी वगैरे. आल्या त्या एक खणखणीत बाई. ट्रॉली ढकलत, एका हाताने खांद्यावरचा पदर सावरत, आणि मागे कुणातरी बल्गेरियन म्हातारीला सामानाचा पट्टा दाखवून आलेल्या. काकांना बघून हसल्या, म्हणाल्या, "अहो, केवढे वाळलात." काका म्हणाले, "तू आलीस." दोघांचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

पायरी काकूंनी बघितली नाही. साडी वर धरून, नेहमीच्या सवयीने रिक्षात बसतात तशा थेट आत बसल्या. निहार मागच्या सीटवर बॅगांबरोबर घडी होऊन बसला होता, म्हणून त्याला सगळं ऐकू आलं आणि आरशात अर्धं दिसलंही. चढ आला. ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा ठणठणीत होता. कुणाची सायकलसुद्धा चढली असती. काकांनी तरीही तो दुसरा दांडा ओढला. कोरड्या रस्त्यावर तो ओढायचा नसतो, चारी चाकं एकमेकांशी भांडतात आणि गाडी कण्हते. जीप कण्हत वर चढायला लागली.

"आठवतं ना," काका म्हणाले, "काय म्हणाली होतीस?"

"काय म्हणाले होते?"

काकांनी सांगितलं. चढ चढणारी गाडी येईल तेव्हाच. शब्द न् शब्द, चौदा वर्षं घडी करून ठेवलेला.

काकू हसल्या. "अहो, पाय गारठले होते म्हणून बोलले असेन काहीतरी." मग त्यांचं लक्ष दांड्यावर असलेल्या काकांच्या हाताकडे गेलं, आणि हसू अर्ध्यात थांबलं. त्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. काकांनी दांडा हलकेच परत मागे घेतला. गाडीचं कण्हणं थांबलं, आणि घर आलं.

निहारला वाटलं, संपलं आता. पण काका वेगळ्या मातीचे होते. शनिवारी गॅरेजमध्ये कापूर घालून बॅटरीचे टर्मिनल पुसता पुसता (कापराचं पुस्तकात काही नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं) त्यांनी हिशेब मांडला: ती विसरली असेल, पण अट मागे घेते असं काही म्हणालेली नाही. तेव्हा बर्फ पडलं पाहिजे.

मग ते बर्फाची वाट बघायला लागले. दिवाळी झाली. काकूंनी चकल्या केल्या, चिवडा केला, शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला फराळाचं ताट नेऊन दिलं, आणि चौदा वर्षांपूर्वीचं जर्मन बाहेर काढून त्यांच्याशी तास तासभर गप्पा मारल्या. स्वयंपाकघरातले डबे लावले. पडदे शिवले. निहार गेला की घरात मोहरी तडतडल्याचा वास यायचा आणि काका नवा शर्ट घालून, पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेला बसलेले असायचे. खुर्चीतल्या कुंड्या खाली उतरल्या होत्या. संध्याकाळी काकूंना मिरजेहून मुलींचे फोन येत: बाई, हूक कुठे लावू, बाई, गळा मोठा झाला. काकू इथून गळे लहान करत. त्या वेळी काका बाहेर जाऊन आकाश बघून येत. आकाश निरभ्र असायचं. रेडिओवर हवामानाची बातमी लागली की ते कुणाला बोलू देत नसत, आणि बातमी देणारी बाई आनंदाने सांगायची, की या वर्षी नोव्हेंबर फारच सौम्य आहे.

एकदा निहारने काकूंना एकटं गाठून, पोळपाट-लाटण्याच्या आडोशाने, विषय काढायचा प्रयत्न केला. म्हणजे म्हणाला, काका फार एकटे असतात हो. काकूंनी पोळी उलटली. म्हणाल्या, ठाऊक आहे मला. ते तिथे आले तर एकटे नसतील, पण त्यांना विचारायला मी कोण, त्यांच्या सुया आहेत इथे. तू तूप घे अजून. निहारने तूप घेतलं. त्याला कळलं की दोन्हीकडे प्रश्न तयार आहे आणि दोन्हीकडे तो विचारायला योग्य हवामान लागतं.

काकूंच्या परतीच्या आदल्या संध्याकाळपासून बर्फ पडायला लागलं.

सकाळी निहार खिडकीत उभा राहिला तेव्हा चढ नाहीसा झाला होता. विमानतळावर बॅगा उचलायला हवा म्हणून तो मुक्कामालाच आला होता. कुंपणाचे खांब तेवढे वर. खाली वळणावर शेजाऱ्यांची गाडी आडवी होऊन झाडाला टेकली होती. बस बंद असल्याचं रेडिओने सांगितलं. आखनच्या टॅक्सीवाल्याला काकूंनी स्वतः फोन केला, तर तो म्हणाला, वर? आज? आणि हसला. काकू बॅगा दारात आणून खुर्चीवर बसल्या. अंगात कोट, पायांत बूट. त्यांनी काकांकडे बघितलं. निहारनेही बघितलं. आता बोलायची वेळ होती. बर्फ होतं, चढ होता, गाडी होती, परतीची तारीख बदलता येणारं तिकीट होतं. विमान आपोआप चुकणार होतं. काकांनी काही करायचीसुद्धा गरज नव्हती.

काका उठले, किल्ली घेतली आणि जीप काढायला गेले. पहिल्या सेल्फला ती चालू झाली. तेरा वर्षं जिची निगा राखली ती गाडी, का नाही होणार?

त्यांनी बॅगा चढवल्या, काकूंना बसवलं, दांडा ओढला. आता दांडा ओढणं बरोबर होतं. जीप चढाच्या तोंडाशी आली, आणि अगदी हळू, पाय टाकून चाचपत उतरणाऱ्या माणसासारखी उतरायला लागली. कण्हली नाही, घसरली नाही. वळणावर काकांनी ब्रेक दाबला आणि ती सरळ रेषेत थांबली, डावीकडे नाही की उजवीकडे नाही. शेजारी आपल्या आडव्या गाडीपाशी फावडं घेऊन उभे होते; त्यांनी टोपी काढली. काकूंनी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं, ते सोडलं.

"अहो, किती छान उतरते," त्या म्हणाल्या.

गाडी हातात आल्यापासून काकांना जे ऐकायचं होतं त्याच्या इतकं जवळचं दुसरं काही त्यांना मिळालं नसेल. ते म्हणाले, "या, या." जर्मनमधलं, म्हणजे होय, होय. पण काकू चौदा वर्षं मिरजेत राहिल्या होत्या. त्यांनी एकदा चमकून नवऱ्याकडे पाहिलं, मग ते जर्मन आहे हे त्यांना आठवलं असावं, आणि त्यांनी हँडल पुन्हा धरलं.

विमानतळावर वेळेच्या बरंच आधी पोचले. काकूंनी निहारला सांगितलं, फ्रीजरमध्ये खालच्या कप्प्यात पोळ्या आहेत, यांना गरम करून दे, नाहीतर हे तशाच खातात. काकांना त्या म्हणाल्या, पोचले की फोन करते. काका म्हणाले, रविवारीच कर, उगाच वेगळा कशाला. मग त्या काचेच्या पलीकडे गेल्या. एकदा वळल्या. काकांनी हात हलवायला वर नेला, पण छत्तीस वर्षांच्या सवयीने करंगळीच वर झाली. पलीकडून काकूंनीही करंगळी वर केली. सुया निवडल्यासारखी.

पार्किंगमध्ये निहार पुढच्या सीटवर येऊन बसला. सीट अजून गरम होती. काका स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीवरचा मजल्याचा आकडा वाचत बसले होते, आणि तो वाचून व्हायला त्यांना बराच वेळ लागत होता. निहारला राग आला होता. कुणाचा, ते त्याला सांगता आलं नसतं. आपण त्या पॅडवर बोटभर तेल आणखी का नाही चोपडलं, इथपर्यंत त्याची मजल गेली.

"काका, सकाळी नुसतं गाडी नादुरुस्त आहे म्हणाला असतात, तर काकू राहिल्या असत्या."

काकांनी किल्ली फिरवली.

"गाडी दुरुस्त होती."